बिंदू चौक पाहायचा तर मोर्चाच्या वाटेने

"दम असेल तर ये बिंदू चौकात!"

कोल्हापुरात राजकारणातलं भांडण विकोपाला गेलं की हे वाक्य ठरलेलं. निवडणूक कारखान्याची असो, दूध संघाची असो की महापालिकेची, एक पुढारी दुसऱ्याला बोलावतो ते बिंदू चौकातच. कागदपत्रं घेऊन ये, लोकांसमोर बोल. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच मथळा असतो आणि तालमीच्या कट्ट्यावर चहा संपेपर्यंत एकच विषय, कोण येतंय आणि कोण दांडी मारतंय.

आणि बाहेरून आलेल्या माणसाला हाच चौक माहीत असतो तो गाडी लावायची जागा म्हणून. मागच्या दिवाळीत नगरहून आमच्याकडे पाहुणे आले होते. अंबाबाईचं दर्शन घेऊन आले, तांबडा-पांढरा जेवले आणि निघताना सहज विचारलं, "बिंदू चौक पाहिलात का?" तर मेहुणे म्हणाले, "तो पार्किंगचा चौक ना? तिथंच तर गाडी लावली होती." त्यात त्यांची काही चूक नव्हती. गाडीतून उतरलं की देवळाकडे पाय वळतात आणि चौकाला पाठ होते. पण मला ते लागलं. त्यांना नीट दाखवायचं राहिलं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

चौक नुसता पाहून कळत नाही, तो चालून कळतो. कोल्हापुरातले कितीतरी मोर्चे बिंदू चौकातून निघतात आणि जिल्हाधिकारी कार्यालयावर जातात. त्याच वाटेने जायचं, मात्र मध्ये एक वळसा घेऊन. बिंदू चौक, शिवाजी चौक, भाऊसिंगजी रोड, टाऊन हॉल, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, कलेक्टर कचेरी. अंतर तीन-साडेतीन किलोमीटर भरेल. थांबत थांबत गेलात तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

दिवस आणि वेळ

शनिवार-रविवारची दुपार आणि नवरात्राचे दिवस सरळ टाळा. त्या गर्दीत चौक दिसतच नाही, गाड्या दिसतात. वाटेत टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारही नको. मंगळवार ते शुक्रवार यातला कुठलाही दिवस घ्या.

चौकाच्या दोन वेळा मला चांगल्या वाटतात. एक सकाळी साडेसहा ते आठ. रस्ते मोकळे असतात, पेपरवाले गठ्ठे सोडत असतात आणि तटाच्या दगडावर तिरकं ऊन आलेलं असतं. दुसरी संध्याकाळी सहानंतरची, कारण सभा तेव्हाच सुरू होते. दोन्ही जमत असेल तर सकाळी वाट चालून घ्या आणि संध्याकाळी परत चौकात या. मी पाहुण्यांना असंच नेतो.

तारीख साधता आली तर आणखी बरं. ११ एप्रिल म्हणजे महात्मा फुले जयंती आणि १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. १३ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला चौकात जी माणसं जमतात, त्यांत लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप असतात, नव्या साड्या नेसलेल्या आज्या असतात. ६ डिसेंबरला हीच माणसं मेणबत्ती घेऊन शांत उभी असतात. ९ डिसेंबर या तारखेकडे मात्र बाहेरच्या कुणाचं लक्ष नसतं. ती का महत्त्वाची ते पुढे सांगतो. दसरा चौकासाठी तीन दिवस लक्षात ठेवा: २६ जूनची शाहू जयंती, ६ मेची पुण्यतिथी आणि अर्थातच दसऱ्याची संध्याकाळ.

चौकापर्यंत

रेल्वेने आलात तर श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतराल, एसटीने आलात तर जवळच्याच मध्यवर्ती बस स्थानकावर. दोन्हीकडून चौक दोन किलोमीटरच्या आतबाहेर. चालत यायचा मोह होईल, पण स्टेशनवरून चालत आलं की दसरा चौक आधी लागतो आणि वाट उलटी होते. त्यापेक्षा रिक्षा करा. "मामा, बिंदू चौक" एवढं म्हटलं की पुरे. केएमटीच्या बसही इकडे येतात. स्वतःची गाडी असेल तर ती वाहनतळातच लावा, पण उतरल्यावर देवळाच्या दिशेने जाऊ नका. पाच मिनिटं चौकाच्या कडेला उभे राहा.

पायात चांगल्या चपला किंवा बूट हवेत, उन्हाळ्यात टोपी, जुलै-ऑगस्टमध्ये छत्री. बाटलीत पाणी घ्या. आणि खिशात हारासाठी सुट्टे पैसे ठेवा, ते लागतील.

आधी तटाकडे बघा

चौकात आलं की नजर पुतळ्यांकडे जाते. ती जरा आवरा आणि आधी काळ्या दगडाच्या भिंतीकडे बघा. कोल्हापूर हे एकेकाळी तटाच्या आतलं गाव. तटाला वेशी होत्या. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस ही नावं आजही तोंडात आहेत, वेशी मात्र गेल्या. बिंदू चौकाच्या जागी रविवार वेस होती. तट पाडला गेला, रस्ते रुंद झाले, पण इथं बुरूज आणि भिंतीचा तुकडा राहिला. त्याच्या आतच तुरुंग आहे. जुने लोक त्याला नुसतं 'बिंदू चौकातला जेल' म्हणतात.

भिंतीच्या जवळ जाऊन दगड बघा. सांध्यात पिंपळाची रोपं उगवलेली असतात, कुणी काढतं, पुन्हा उगवतात. खालच्या थरातले दगड वर्षानुवर्षं टेकून बसणाऱ्यांच्या पाठींनी गुळगुळीत झालेत. मी लहान असताना आबांनी मला याच भिंतीला टेकवून उभं केलं होतं. आबा शाहू मिलमध्ये कामाला होते. पाळी सुटली की सायकलीच्या नळीवर मला बसवून सभेला आणायचे. भाषण मला कळायचं नाही, पण दिवसभर तापलेल्या दगडाची ऊब पाठीला लागायची ती आजही आठवते.

तुरुंगाच्या दाराचे फोटो काढू नका. पहारा असतो आणि त्यांनी हटकलं तर ते बरोबरच आहे. भिंतीचा फोटो दुरून, रस्त्याच्या पलीकडून चांगला येतो.

भिंत आधी बघायला सांगतोय त्याला कारण आहे. वेस म्हणजे आतले आणि बाहेरचे ठरवण्याची जागा. दार बंद झालं की बाहेरचा बाहेर. १८५७ साली या गावाने ते अनुभवलं. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातल्या २७व्या पलटणीचे शिपाई उठले. डिसेंबरात पुन्हा उठाव झाला तेव्हा वेशी लावून घेतल्या होत्या आणि इंग्रजांनी त्या फोडून गाव ताब्यात घेतलं. जिथं दार लावून घेतलं जायचं तिथं आज गावातली सगळ्यात उघडी जागा आहे. इथं कुणालाही उभं राहून बोलता येतं.

चौकाचं नाव १९४२च्या लढ्यातले हुतात्मा बिंदू कुलकर्णी यांच्यावरून. चौकात हुतात्मा स्तंभ आहे. त्याच्यासमोर क्षणभर थांबा, मग पुढे.

दोन पुतळे

आता पुतळ्यांकडे या. महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अर्धपुतळे आहेत, फार उंच नाहीत. मोठमोठे पुतळे पाहायची सवय झालेल्या माणसाला पहिल्यांदा ते लहान वाटतात. म्हणूनच इथं घाई करू नका.

हे पुतळे बसले ९ डिसेंबर १९५० रोजी. बाबासाहेब तेव्हा हयात होते, देशाचे कायदेमंत्री होते. राज्यघटना अमलात येऊन अकरा महिनेही झाले नव्हते. धर्मांतर व्हायचं होतं, ते पुढे १९५६ साली. गावोगावच्या चौकात निळा कोट घातलेला, हातात घटना धरलेला जो पुतळा आपण ओळखतो, तो अजून कुठंच नव्हता. माणूस जिवंत असताना त्याचा पुतळा उभारायचा आणि तोही ज्याला कालपरवापर्यंत गावच्या पाणवठ्यावर येऊ दिलं नसतं अशा समाजातल्या माणसाचा, भर वेशीच्या जागेवर. कोल्हापूरने ते केलं.

हे घडवून आणलं भाई माधवराव बागल यांनी. भाई मुळात चित्रकार, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले. वडील खंडेराव बागल सत्यशोधक, 'हंटर' नावाचं पत्र चालवणारे. मुलगा रंग-कुंचला हातात घेऊन गावात परतला आणि चळवळीत उतरला. १९३९ साली प्रजापरिषद उभी राहिली, त्यात भाई होते, रत्नाप्पाण्णा कुंभार होते. राजाचं राज्य असताना प्रजेला हक्क मागायचे, हे सोपं काम नव्हतं. रत्नाप्पाण्णा पुढे घटना समितीत गेले. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यानंतर दोन वर्षं व्हायच्या आत हे पुतळे उभे राहिले. संस्थान संपल्यावर गावाने मोक्याच्या जागी कुणाला बसवलं ते बघा. राजा नाही, सरदार नाही. एक माळी समाजातला शिक्षक आणि एक महार समाजातला बॅरिस्टर.

बाबासाहेबांच्या पुतळ्याचे शिल्पकार बाळ चव्हाण. चेहरा नीट न्याहाळा. माणूस हयात असताना घडवलेला चेहरा आहे हा. मोठेपण दाखवण्यासाठी केलेला आवेश त्यात नाही, मला तो विचारात पडलेला वाटतो. सकाळच्या उजेडात कपाळाखालची सावली स्पष्ट दिसते, दुपारी ती जाते. सकाळी या म्हणून सांगतोय ते त्यासाठीही.

आणखी एक. फुल्यांचं निधन १८९०चं, म्हणजे पुतळा बसला तेव्हा त्यांना जाऊन साठ वर्षं झाली होती. बाबासाहेब फुल्यांना आपल्या गुरूंपैकी एक मानत. इथं गुरू आणि शिष्य एका चौकात आहेत, एकाच दिवशी बसलेले. जयंतीला गर्दीत हे लक्षात येत नाही. साध्या दिवशी एकटं उभं राहिलं की येतं.

हार घालायचा असेल तर चपला बाजूला काढून चौथऱ्यावर जा. एका पुतळ्याला हार आणि दुसऱ्याला नुसता नमस्कार असं करू नका, दोन हार घ्या. मागे एकदा मी एकच हार घेतला होता, तर हारवाल्या मावशींनी दुसरा स्वतःहून हातात दिला. "दोघं आहेत की रं बाळा," म्हणाल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

सभा ऐकायची असेल तर

सभा आहे की नाही ते दुपारीच कळतं. रस्त्याकडेला खांब आणि फळ्यांचा ढीग पडतो, मंडपवाले दोरखंड सोडतात, कर्णा बांधलेली रिक्षा पेठांतून फिरते. पोलिसांची गाडी आली की नक्की समजा. निवडणुकीच्या दिवसांत तर एक व्यासपीठ उतरायच्या आत दुसऱ्याची बोली लागलेली असते.

इथंच सभा का, हे जागेवर उभं राहून पटतं. चारही बाजूंनी रस्ते येतात, माणूस कुठूनही येऊन मिसळतो आणि कंटाळला तर कुठूनही निघून जातो. मैदानावर सभेला माणसं ट्रकने आणता येतात. चौकात मात्र बाजाराला निघालेला, पिशवी हातात असलेला, दोन मिनिटं थांबलेला माणूस असतो. त्याला थांबवून ठेवणं हीच वक्त्याची परीक्षा. कोल्हापूरचा श्रोता पटकन टाळी देत नाही. आवडलं नाही तर मागच्या मागे पांगतो आणि व्यासपीठावरून ते दिसतं. म्हणूनच इथली सभा भरली की पुढारी खूश असतात.

मधोमध उभे राहू नका, कडेला राहा, दुकानाच्या पायरीवर जागा मिळाली तर उत्तम. सुरुवातीला शाहिरी असते, हलगी किंवा डफ वाजतो, मग तरुण कार्यकर्ते बोलतात, मुख्य भाषण शेवटी. ते सुरू होईपर्यंत नऊ वाजतात आणि दहाला माईक बंद करावा लागतो, त्यामुळे शेवटचा तास बांधीव असतो. बोलणारा कुठल्याही पक्षाचा असो, सुरुवातीला तो 'फुले-शाहू-आंबेडकर' म्हणणारच. महाराष्ट्रभर ही तीन नावं एका दमात घेतली जातात. इतकी घेतली जातात की त्यांचा अर्थ कानाला लागेनासा होतो. कोल्हापुरात मात्र ती दहा मिनिटांच्या पायी अंतरावर आहेत. दोन बिंदू चौकात, तिसरं दसरा चौकात. ही सगळी चाल त्या दहा मिनिटांसाठी आहे असं म्हटलं तरी चालेल.

डाव्या पक्षांचा हा जुना चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या सभा इथं झाल्या. कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय चौकालगतच आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांचा वावर इथलाच. १६ फेब्रुवारी २०१५च्या सकाळी फिरून घरी येताना त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. त्यानंतर कोल्हापूरची माणसं सकाळी एकत्र फिरायला निघू लागली, निर्भय मॉर्निंग वॉक म्हणत. भाषण नाही, दगडफेक नाही, नुसतं चालणं. शहरातल्या टोलविरोधी आंदोलनातही पानसरे आणि एन. डी. पाटील पुढे होते. टोल रद्द झाला डिसेंबर २०१५मध्ये, ते पाहायला पानसरे नव्हते. हे लिहिताना आजही हात जड होतो.

शिवाजी चौकाकडे

बिंदू चौकातून शिवाजी रोडने निघा. आठ-दहा मिनिटांत छत्रपती शिवाजी चौक येतो. शिवरायांच्या पुतळ्यासमोर उभे राहिलात की हे ध्यानात घ्या, की या जागी आधी दुसरा पुतळा होता, मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा. १९४२च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या कोल्हापूरच्या दोन बायकांनी तो विद्रूप केला. पुढे क्रांतिकारकांनी तो फोडला. रिकाम्या जागी शिवरायांचा पुतळा बसवायचं चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी मनावर घेतलं आणि १९४५ साली तो बसला. तेव्हा इंग्रज अजून इथंच होते. स्वातंत्र्य मिळायला दोन वर्षं बाकी होती.

चौकात त्या दोघींची आठवण आवर्जून कुणी काढत नाही, म्हणून तुमच्यासोबत मुली असतील तर ही गोष्ट त्यांना इथंच सांगा, घरी जाऊन नको.

जवळच चप्पल लाईन आहे. कोल्हापुरी घ्यायची तर परत येताना घ्या, नवी चप्पल घालून पुढची वाट चालाल तर टाचा सोलतील.

भाऊसिंगजी रोड

शिवाजी चौकातून महापालिकेच्या बाजूने भाऊसिंगजी रोड धरा. दुकानं, फलक, हॉर्न, बघण्यासारखं काही नाही असं वाटेल. पण याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं.

गंगाराम शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला सांगितलं, भांडवलही दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतःच यायचे. फेरफटक्याला निघाले की गाडी हॉटेलासमोर थांबवायची, "गंगाराम, चहा आण" अशी हाक द्यायची, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचा. छत्रपतींनी दिलेला कप नको कोण म्हणणार?

कायदा करून माणसाची शिवाशिव सुटत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत चहा. या रस्त्यावर कुठल्याही टपरीवर थांबा आणि एक कटिंग घ्या. माझ्या मते या वाटेवरचं हे सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण आहे.

पुढे सीपीआर रुग्णालयाचा परिसर येतो. समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. १८ ऑगस्ट २०२५पासून कामकाज सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. या मागणीसाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले, साखळी उपोषणं केली. तुम्ही चालताय त्याच रस्त्यांवरून. एखाद्या आंदोलनाला यश आलं की त्याची खूण बहुतेकदा कागदावर राहते. इथं ती इमारत म्हणून दिसते.

टाऊन हॉलची बाग जवळच. इमारत चार्ल्स मँटच्या आराखड्याची, १८७०च्या दशकातली. आत वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती इथं आहे. राजकारणाशी तिचा संबंध नाही, पण सोडू नका. याच भागात चिमासाहेब महाराजांचं, म्हणजे १८५७ सालच्या छत्रपतींच्या धाकट्या भावाचं, नाव दिसेल. १८५७चं वेशी बंद करण्याचं प्रकरण वर सांगितलं, त्यानंतर इंग्रजांनी चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवलं. ते तिथंच १८६९ साली वारले. गावाने त्यांना चौक दिला.

पाय दुखत नसतील तर नर्सरी बागेत शाहू समाधी स्थळावर जाऊन या. १६ जून २०२१ला मराठा आरक्षणासाठीचं मूक आंदोलन इथंच झालं होतं.

दसरा चौक

आता तिसरं नाव. चौकाच्या मध्यभागी राजर्षी शाहूंचा पूर्णाकृती पुतळा. बहुतेक जण त्याचा फोटो काढून निघतात. तुम्ही पुतळ्याकडे पाठ करा आणि गोल फिरून सभोवताली बघा. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ. इमारतींवरची नावं सावकाश वाचा.

शाहू महाराज गादीवर आले २ एप्रिल १८९४ला. शिक्षण देतो म्हणून माणूस शिकत नाही, त्याला शहरात राहायला आणि जेवायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं. खेड्यातला पोरगा कोल्हापुरात आला तर त्याला कोण घरात घेणार? म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक समाजाला जागा दिली, उत्पन्न लावून दिलं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. प्रत्येक जातीचं वेगळं वसतिगृह कशाला, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल, पडायलाही हवा. पण ज्या काळी एका पंगतीला बसणं अशक्य होतं त्या काळी आधी प्रत्येकाला शाळेपर्यंत पोहोचवणं भाग होतं. सगळ्यांची दारं या परिसरात जवळजवळ आहेत हेही बघा.

इथल्याच बाकावर बसून २६ जुलै १९०२ची गोष्ट सांगावी. महाराज तेव्हा इंग्लंडात होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी. तिथून त्यांनी हुकूम काढला आणि तो करवीरच्या गॅझेटात छापला गेला: संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. देशात आरक्षणावर जे काही बोललं जातं त्याची एक मुळी इथं आहे. पुढे १९१७ साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण. मार्च १९२०मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. आंबेडकरांच्या 'मूकनायक' पाक्षिकासाठी अडीच हजार रुपये दिले ते त्याच सुमारास. ६ मे १९२२ला महाराज गेले, वय पुरतं अठ्ठेचाळीसही नव्हतं. २०२२ साली शंभर वर्षं झाली त्या दिवशी सकाळी दहाला सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. मी व्हीनस कॉर्नरला होतो. केएमटीचा चालक बस बंद करून खाली उतरला आणि दाराला हात लावून उभा राहिला.

दसऱ्याच्या संध्याकाळी आलात तर जुनी मेबॅक गाडी येते, छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं आणि सोनं लुटलं जातं. चारच्या आधी जागा धरा.

भूक लागली असेलच. शाहू स्मारक भवनाच्या परिसरात किंवा व्हीनसकडे जाताना मिसळ मिळेल. कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, घ्यायचा की नाही ते आधी सांगा, नाहीतर तिखट सोसणार नाही.

शेवटचा टप्पा

दसरा चौकातून व्हीनस कॉर्नर आणि तिथून असेंब्ली रोडने जिल्हाधिकारी कार्यालय. वाटेत पाहण्यासारखं फार नाही, पण मोर्चाचा अंदाज इथं येतो. रस्ता सरळ आहे, आवाज पुढे जातो. घोषणा देणाऱ्यांच्या घशाला इथवर कोरड पडलेली असते आणि दुकानदार पाण्याचे तांबे बाहेर आणून ठेवतात. मोर्चा आडवा आला तर घाबरू नका, फुटपाथवर थांबा, पुढे जाऊ द्या. कशाचा आहे विचारलंत तर चार जण सांगतील.

कचेरीच्या दारात मोर्चा थांबतो. सगळ्यांना आत सोडत नाहीत. पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन जातं, बाकीचे उन्हात बसून राहतात. थोड्या वेळाने शिष्टमंडळ बाहेर येतं, हातात निवेदनाची दुसरी प्रत असते आणि तिच्यावर आवक विभागाचा जांभळा शिक्का, तारीख, खाली सही. पोच. ती उंचावून दाखवली की मोर्चा संपला. आबांच्या पत्र्याच्या पेटीत अशा पोच मारलेल्या प्रती होत्या, चौघडी घातलेल्या, कोपरे झिजलेले. महागाई भत्ता, रेशनचं धान्य, गल्लीतला नळ. नळाच्या कागदाला तीन शिक्के होते, तीन वेगवेगळ्या वर्षांचे.

दाराबाहेर रिक्षा मिळते. संध्याकाळी सहाच्या सुमारास बिंदू चौकात परत या, फळ्या ठोकल्याचा आवाज येत असेल तर जेवण नंतर करा.